कचऱ्यावरून भांडलो, आता खत विकत आणतोय!

सध्या आपल्या शहरात गच्चीवर भाजी लावायचं वेड जोरात आहे. सिडकोतली रो-हाउस असोत, गारखेड्यातले फ्लॅट असोत की सातारा-देवळाईतल्या नव्या स्कीम्स, पेंटच्या रिकाम्या बादल्यांत आणि ग्रो बॅगमध्ये टोमॅटो, मिरची, पालक, मेथी लावून सगळे रील टाकायलेत. चांगलंच आहे. पण त्या रीलखालीच जाहिरात येते, 'शंभर टक्के ऑरगॅनिक' गांडूळखताच्या एक किलोच्या पाकिटाची. आपण ते मागवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी येते आणि तिच्यात आपण मेथीच्या काड्या, केळीची सालं, कालचा उरलेला भात टाकून मोकळे होतो. म्हणजे खताचा कच्चा माल फुकट द्यायचा आणि पक्का माल कुरिअरनं मागवायचा. शाळेच्या इतिहासात इंग्रजांनी कापूस नेऊन कापड परत विकल्याचा धडा होता. इथं फक्त इंग्रज नाहीत, दोन्हीकडं आपणच.

हा नुसता गमतीचा विषय असता तर पानभर लिहायची गरज नव्हती. पण देशात कचऱ्याची बोंब कुठं नाही, तरी याच केळीच्या सालावरून दंगल झालेली शहरं फार नसतील. आपलं त्यातलं एक.

२०१८ आठवतंय?

आपल्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत होते. १६ फेब्रुवारी २०१८ ला नारेगाव-मांडकी परिसरातल्या गावकऱ्यांनी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कित्येक वर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. कचऱ्याचा डोंगर, त्यातून निघणारा धूर, खराब झालेलं पाणी, मोकाट कुत्री हे सगळं त्यांनी सोसलं होतं आणि आता बास म्हणाले. शहरात तेव्हा रोज साधारण साडेचारशे टन कचरा निघायचा. तो जायचा कुठं? रस्त्यावरच साचला. चौकाचौकांत ढीग, नाकाला रुमाल, रात्री कुणीतरी ढिगाला काडी लावायचं आणि सकाळी सगळ्या गल्लीत धूर.

मग महापालिका नवी जागा शोधायला निघाली. जिथं गाडी जाईल तिथं लोक आडवे. ७ मार्चला मिटमिटा-पडेगाव भागात प्रकरण हाताबाहेर गेलं. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार सगळं झालं. पोलिसांच्या कारवाईवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तेव्हाच्या पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही गाजलं.

बातम्यांमध्ये हे 'कचराकोंडी' म्हणून आलं. पण ढिगात नेमकं काय होतं ते बघा. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. वास त्याचाच, माशा त्याच्याच, पाझरणारं काळं पाणीही त्याचंच. प्लास्टिक कुरूप दिसतं खरं, पण प्लास्टिकला वास येत नाही. म्हणजे नारेगावकरांचं नाक ज्यानं जाळलं ती आपल्या स्वयंपाकघरातली भाजीची देठं होती. ती वेगळी ठेवा, हे कायद्यानं आपल्याला काही २०१८ ला सांगितलं नाही. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांत ते होतं, २०१६ च्या नियमांत तर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून घरातच वेगळं करायची जबाबदारी स्पष्टपणे आपल्यावर टाकली.

कोंडीनंतर हालचाल झाली हे मान्य करायला हवं. वॉर्डावॉर्डांत कंपोस्टचे खड्डे खणले गेले. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रिया केंद्रं आली, कांचनवाडीला बायोगॅसचा प्रकल्प आला. ही नावं परत एकदा वाचा. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी आणि आधीचं नारेगाव. निराला बाजार नाही, उस्मानपुरा नाही. कचरा मधल्यांचा असतो आणि पोहोचतो नेहमी कडेच्यांकडं. प्रक्रिया केंद्र उघड्या ढिगापेक्षा केव्हाही बरं, पण त्यात जाणारा कचरा मिसळलेला असेल तर शेजारच्या वस्तीला फरक किती पडणार?

साडेसतरा गोण्या

आता जरा आकडेमोड करू. साडेचारशे टनांतला निम्मा ओला धरला तर सव्वादोनशे टन. तो कुजताना पाणी उडतं, बराचसा कार्बन वायू होऊन जातो आणि शेवटी हाती साधारण पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे रोजचं सुमारे ४५ टन कंपोस्ट. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण अंदाज यायला पुरेसा.

केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात, म्हणजे १९८५ च्या 'एफसीओ'त, शहरी कंपोस्टसाठी किमान निकष दिलेत. नत्र ०.८ टक्के, स्फुरद ०.४, पालाश ०.४ आणि सेंद्रिय कर्ब १२ टक्के. त्या हिशेबानं ४५ टनांत नत्र किती? ३६० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास पावणेएकवीस किलो नत्र असतं. भागाकार करा. अख्ख्या शहराचा एका दिवसाचा ओला कचरा, सगळी झंझट करून, नत्राच्या भाषेत सतरा-साडेसतरा गोण्या युरिया.

निराशा झाली ना? इथंच बहुतेक लोक दोनपैकी एका टोकाला जातात. एक गट म्हणतो, बघा, सेंद्रिय-बिंद्रिय सब झूठ, युरियाच खरा. दुसरा गट आकडेच बघत नाही आणि 'गाईचं शेण म्हणजे सगळं' असं म्हणून मोकळा होतो. दोघांचं चुकतं, कारण दोघंही कंपोस्टला युरियाच्या तराजूत घालतात. त्याच ४५ टनांत सेंद्रिय कर्ब असतो ५.४ टन. युरियाच्या साडेसतरा गोण्यांत? मातीला उपयोगी पडेल असा शून्य.

मातीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कृषीशास्त्र तिला 'कमी' म्हणतं. मराठवाड्यातल्या बऱ्याच जमिनी त्याच गटात मोडतात. कडक उन्हाळा, वर्षातले सात-आठ महिने कोरडे, धसकटं आणि पऱ्हाट्या जाळायची किंवा सरपणाला न्यायची सवय, जनावरं कमी झाल्यानं शेणखत कमी. कर्ब जातोय जास्त आणि येतोय कमी. कर्ब नसला की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिकट लगदा होते, टाकलेलं खत धरून ठेवत नाही. युरिया हा झाडाचा घास, कंपोस्ट हे मातीचं जेवण. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

२०२५ च्या खरिपात अनेक राज्यांत युरियासाठी रांगा लागल्या तेव्हा 'आता सेंद्रियकडे वळा' असे सल्ले भरपूर आले. रांगेत उभ्या शेतकऱ्याला हा सल्ला म्हणजे चेष्टाच आहे. एक गोणी युरियाएवढं नत्र ०.५ टक्के नत्राच्या शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून जास्त शेणखत लागेल, तेही एका हंगामात सगळं मिळत नाही, हळूहळू सुटतं. त्याच्याकडं तेवढी जनावरं नाहीत आणि ट्रॉलीला पैसे नाहीत. आपलं तसं नाही. बारा कुंड्यांना लागणारं खत आपल्या चौघांच्या घरात दर महिन्याला तयार होऊ शकतं. त्यामुळं सेंद्रियचा आग्रह धरायचाच असेल तर आधी आपल्या गच्चीवर धरावा, आणि मग बाकीच्यांना सांगायला जावं.

सरकारी धोरण काय म्हणतं? शहरी कंपोस्ट विकलं जावं म्हणून केंद्रानं २०१६ मध्ये टनामागं १,५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. २०२३ मध्ये गोबरधन प्रकल्पांतून येणाऱ्या सेंद्रिय खतांसाठी त्याच दरानं १,४५१.८४ कोटींची तरतूद झाली. राज्यानं 'हरित महासिटी कंपोस्ट' असा ब्रँडही काढला. कागदावर सगळं आहे. मग शहराचं कंपोस्ट आपल्या नर्सरीत रांग लावून का विकलं जात नाही? त्याचं उत्तर विश्वासात आहे, त्याकडं येतेच. आधी माती.

रीलमधली माती आपली नाही

रीलवाल्या गार्डनिंगचा मोठा गोंधळ इथं आहे. सल्ले येतात अमेरिकेतून, इंग्लंडमधून, फार तर केरळातून. तिथं पाऊस जास्त, माती आम्लधर्मी. तिला चुना लागतो, राख मानवते, अंड्याची टरफलं चालतात, हाडांचा चुरा लागू पडतो. आपली माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, काळी आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त. सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेसात ते साडेआठ. आपल्या मातीत चुना आधीच भरपूर आहे. तिला परत चुना म्हणजे खारट आमटीत मीठ.

कोकणातली मावशी कुंडीत चुलीची राख टाकते आणि तिची अळूची पानं परातीएवढी होतात, हे खरं आहे. तिची जांभी माती आम्ल आहे, तिला राख चालते. तोच सल्ला तिनं फोनवर तुम्हाला दिला तर प्रेमानं ऐका आणि सोडून द्या. राख सामू आणखी वर नेते. तिच्यातून मिळणारं पालाश तर आपल्या काळ्या मातीत बहुतेक ठिकाणी मुळातच भरपूर असतं. केळीच्या सालीच्या पाण्याचंही तेच. एक तर त्यात फारसं काही उतरत नाही, आणि जे उतरतं ते पालाश, म्हणजे जे घरात आहे तेच परत विकत आणलं. साल पाण्यात भिजवण्यापेक्षा सरळ कंपोस्टमध्ये टाका.

हाडांचा चुरा महाग असतो म्हणून त्याचं सांगायलाच हवं. त्यातलं स्फुरद आम्ल मातीत विरघळतं. आपल्या मातीत ते चुन्यापाशी अडकून बसतं. पैसे मात्र सुटतात.

आता टोमॅटो. फळाचं बूड काळं पडून आत खचतं. रील म्हणते, कॅल्शियम कमी, अंड्याची टरफलं घाला. कॅल्शियम फळापर्यंत पोहोचलं नाही हे बरोबर आहे. पण आपल्या मातीत ते कमी नाही. ते पाण्याबरोबर वर जातं, आणि पाणी एक दिवस बादलीभर, मग चार दिवस कोरडं, असं मिळालं की फळाचा वाटा चुकतो. आपल्या शहरातल्या नळाचं वेळापत्रक मी कुणाला नव्यानं सांगायला नको. जायकवाडी उशाला असून नळ आठवड्यातून एकदा आला तर सण. बुडाचा काळा डाग म्हणजे त्या वेळापत्रकाची फळावरची नोंद म्हणा. त्यावर औषध टरफल नाही. साठवलेलं पाणी रोज थोडं द्या आणि कुंडीवर वाळक्या पानांचं, सोयाबीनच्या कुटाराचं दोन बोटं जाड आच्छादन ठेवा. वाफ कमी होते, ओल टिकते आणि सहा महिन्यांनी तेच आच्छादन कुजून खत होतं.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोक घाबरून आणखी खत ओततात. हे बहुतेक वेळा लोहाचं दुखणं असतं. लोह मातीत आहे, पण सामू जास्त असला की मुळांना ते घेता येत नाही. त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रोज घातलं की सामू चढाच राहतो. कुणी म्हणेल, मग गंधक टाकून सामू उतरवा. हिशेब करा. कुंडीत दहा किलो माती आहे आणि समजा तिच्यात पाच टक्के चुनखडी आहे, म्हणजे अर्धा किलो. ती संपवायलाच १६० ग्रॅम गंधक लागेल, त्यानंतर कुठं सामू खाली सरकायला लागेल. तेवढ्या गंधकात झाडाचं काय होईल ते विचारू नका. जिप्समचंही तेच. ते चोपण जमिनीचं औषध आहे, चुनखडीच्या जमिनीचं नाही. त्यापेक्षा पानांवर हिराकसीची अगदी सौम्य फवारणी आणि मातीत कंपोस्ट हा मार्ग बरा. कंपोस्टमधली सेंद्रिय आम्लं लोह आणि जस्त धरून मुळांपर्यंत पोहोचवतात. मराठवाड्याच्या मातीत नेमकी हीच दोन सूक्ष्म अन्नद्रव्यं सारखी कमी पडतात.

एक अपवाद. तुमच्या ग्रो बॅगमध्ये माती नावालाही नसेल, नुसतं कोकोपीट असेल, तर वरचं सगळं तुम्हाला तसंच्या तसं लागू नाही. कोकोपीटमध्ये चुनखडी नसते आणि अन्नही जवळपास नसतं, तिथं सगळंच बाहेरून द्यावं लागतं. आणि घराच्या पायाची माती कुंडीत भरली असेल तर देवच जाणे, कारण त्यात मुरूम, सिमेंट आणि चुरा किती आहे हे बिल्डरलाही माहीत नसतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या २०१७ च्या योजनेचं ऐकून कुणी तलावाचा गाळ कुंडीत भरायचा म्हणत असेल तर थांबा. तो गाळ हलक्या, मुरमाड शेतासाठी वरदान आहे. कुंडीत नुसता गाळ भरला तर पाणी निघायला वाट राहत नाही.

'ऑरगॅनिक' लिहिलंय, पण आत काय?

आता विश्वासाचा प्रश्न. शहरी कंपोस्ट लोक टाळतात ते उगीच नाही. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या २९ शहरांतली कंपोस्टं तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. मिसळलेल्या कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टपेक्षा आधीच वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट सरस ठरलं. त्यात सेंद्रिय भाग जास्त आणि जड धातू कमी होते.

जड धातूंचं हे प्रकरण किती नाजूक आहे ते बघा. एफसीओनुसार शहरी कंपोस्टमध्ये पारा किलोमागं ०.१५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. शिसं १००, कॅडमियम ५. तापाच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ग्रॅम तरी पारा असतो. असा एक थर्मामीटर फुटून ओल्या कचऱ्यात गेला, तर तेवढ्यानं तीन टनांहून जास्त कंपोस्ट मर्यादेपर्यंत जाऊन पोहोचतं. त्यात घड्याळातले सेल, ट्यूबलाइटच्या काचा, रंगाचे डबे घाला. मशीन कितीही महागाचं आणा, दळलेल्या कचऱ्यातून पारा वेचून काढता येत नाही. तो वेगळा करायची एकच जागा आहे, आपल्या घरातली. प्रक्रिया केंद्राला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्या खताचा दर्जा सकाळी सात वाजता घंटागाडीपाशी ठरतो.

खासगी पाकिटं तरी शुद्ध असतील असं समजू नका. 'शंभर टक्के ऑरगॅनिक' हे शब्द कुणीही छापतं. पाकिटावर गांडूळखत किंवा सेंद्रिय खत असं नेमकं नाव, एफसीओचा उल्लेख, नत्र-स्फुरद-पालाश, कर्ब-नत्र गुणोत्तर, उत्पादनाची तारीख, बॅच नंबर आहे का बघा. नसेल तर तुम्ही बहुधा काळी माती विकत घेताय, जी सोयगावच्या शेतात फुकट आहे.

सेंद्रिय शब्द म्हणजे शुद्धतेचा शिक्का नाही, हे अख्ख्या देशाच्या पातळीवर शिकायची वेळ श्रीलंकेवर आली. २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली आणि चीनमधून सेंद्रिय खत मागवलं. आलेल्या नमुन्यांत रोगकारक जिवाणू सापडल्याचं सांगून जहाज नाकारलं. त्या वादात शेवटी श्रीलंकेच्या सरकारी बँकेला लाखो डॉलर मोजावे लागले. खत उतरलंच नाही. बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागं घ्यावी लागली, तोवर भातशेतीचं नुकसान होऊन गेलं होतं.

घरच्या घरी हाच धोका शेणाच्या रूपात येतो. कच्च्या शेणखतात हुमणीच्या अळ्या येतात, तणाचं बी येतं. पण भाजीसाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. कोथिंबीर, पालक, मुळा आपण कच्चे खातो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या अधिकृत नियमांत कच्चं शेण घातल्यावर मातीला टेकणारी भाजी १२० दिवसांच्या आत काढायला मनाई आहे. पालक तर महिन्या-दीड महिन्यात ताटात येतो. त्यामुळं शेणाची स्लरी किंवा जीवामृत कोथिंबिरीच्या पानांवर फवारायचा व्हिडिओ मला तरी पटत नाही. जीवामृताचं श्रेय सुभाष पाळेकरांना जातं, त्याला मानणारे शेतकरी भरपूर आहेत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात आंबवायची, हे प्रमाण एकराचं आहे. कुंडीत टाकायचंच तर पातळ करून मातीत टाका. आणि ते विरजण आहे हे लक्षात ठेवा. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? मातीत कर्ब नसेल तर ते जिवाणू खाणार काय?

पुसदच्या काकांची टाकी

खत कसं करायचं याला बाहेरचा गुरू शोधायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली. भोकं ठेवून बांधलेली विटांची टाकी, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. तिच्यात साधारण १,४०० किलो काडीकचरा, १,७५० किलो माती आणि शेण फक्त १०० किलो. थर देऊन, ओलवून, वरून लिंपून तीन-चार महिने सोडायचं. थोड्या शेणात भरपूर खत, ही त्यातली खुबी. जनावरं कमी होत चाललेल्या आजच्या गावांसाठी हे किती नेमकं आहे बघा. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनीही प्रयोग परिवारातून शहरातल्या गच्चीवर काडीकचऱ्यापासून माती घडवायला लोकांना शिकवलं. म्हणजे गच्चीवरची शेती ही इन्स्टाची देणगी नाही.

आपल्याला टाकी नको, झाकणाची बादली पुरे. सगळ्या बाजूंनी भोकं पाडा. एक वाटा ओला कचरा टाकला की त्यावर आकारमानानं दोन वाटे वाळकी पानं किंवा कुटार. लोक नेमके कोरडं घालायला विसरतात आणि मग वास येतो म्हणून बादलीच फेकतात. अमोनियासारखा झणझणीत वास आला तर कोरडं कमी पडलंय. सडक्या अंड्यासारखा आला तर पाणी जास्त, हवा कमी. दोन्हीला उपाय तोच, वाळकी पानं घाला आणि हलवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. चाळीसच्या वरच्या उन्हात बादली कोरडीठाक पडते आणि कुजणं थांबतं, तेव्हा सावलीत ठेवून पाणी शिंपडावं लागतं. मूठ आवळल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. पावसाळ्यात जाड मळकट अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्यानं खातात आणि झाडाला काही करत नाहीत. आई किंचाळेल, तिला हे वाचायला द्या.

पानांसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यापीठाच्या आवारात, सिडकोच्या बागांमध्ये पानगळीचे ढीग जाळलेले दिसतात. तेच पोतं भरून आणलं की वर्षभराची सोय. कुंडीला नत्र कमी पडलंच तर मूठभर निंबोळी पेंड महिन्यातून एकदा. तिच्यात शेणखताच्या कितीतरी पट नत्र असतं. मातीचा नेमका सामू जाणून घ्यायचा असेल तर जिल्ह्यात माती परीक्षणाची सोय आहे. चार-पाच कुंड्यांतली माती एकत्र करून अर्धा किलो नमुना न्या, कॉलेजच्या प्रोजेक्टला विषयही मिळेल.

खत तयार झालं की नाही हे कळायला मात्र प्रयोगशाळा नको. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घातलं तर ते मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं, म्हणून ही तपासणी टाळू नका. विकतच्या पाकिटालाही हीच लावा. एका वाटीत तुमचं खत आणि माती निम्मी-निम्मी घ्या, दुसऱ्या वाटीत नुसती माती. दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे पेरून ओल ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी मोजा. खताच्या वाटीत मातीइतकेच कोंब आले आणि मुळं पांढरी, सरळ असली तर खत कुंडीत घालायला हरकत नाही. दोन-तीनच आले किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर बादलीचं झाकण लावा आणि आणखी महिनाभर थांबा.